आमिश वस्तीतील रहस्यकादंबरी: काळजी की ताबा?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. आमच्या वाचकगटाने नुकतीच एक इंग्रजी रहस्यकादंबरी वाचली. ती अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टर काउंटीमधील आमिश वस्तीत, म्हणजे आधुनिक साधने टाळून साधेपणाने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत, घडते. शेवट उघड होऊ नये म्हणून तिचे नाव देत नाही. खुनाचा तपास उत्तम रचला आहे. मला अस्वस्थ केले ते त्यातील प्रेमकथेने. तपास करणारा पोलीस अधिकारी मृताच्या विधवा बहिणीच्या घराबाहेर तिला न सांगता रात्ररात्र गाडीत बसून राहतो, तिची पत्रे तिच्याआधी फोडतो आणि तिने साक्ष द्यावी की नाही हे परस्पर तिच्या बिशपशी बोलून ठरवतो. ती एकदाच चिडते, परंतु पुढच्याच प्रकरणात लेखिका तिलाच त्याची क्षमा मागायला लावते आणि शेवटी दोघांचे लग्न लावून देते. गटातील काहींच्या मते आमिश समाजच पुरुषप्रधान असल्यामुळे कादंबरीत हे येणारच. मला हे पटत नाही, पण त्याचे खंडन नीट करता येत नाही. आपणांस काय वाटते?

उत्तर (पंचवटी)

ताई, मुळात तो अधिकारी आमिश नाही. मग त्याच्या वागण्याचे खापर त्या समाजावर कसे फोडता येईल? तेथे पुरुषप्रधानता आहेच: बिशप आणि उपदेशक पुरुषच होतात, घटस्फोट मान्य नाही, नवरा कुटुंबप्रमुख मानला जातो. परंतु नवा उपदेशक निवडताना नाव सुचवण्याचा हक्क बाप्तिस्मा घेतलेल्या स्त्रियांनाही असतो. पुरेशी मते मिळालेल्या पुरुषांपुढे स्तोत्रांची पुस्तके ठेवली जातात आणि ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघते तो निवडला जातो. गोधड्यांची दुकाने आणि बाजारातील गाळे चालवणाऱ्या आमिश स्त्रियाही पुष्कळ आहेत. लेखिकेने नायिकेला मुकी केले ते नायकाला तिचा तारणहार ठरवता यावे म्हणून, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षमेविषयीही हेच म्हणावे लागेल. आमिश मंडळीत गंभीर अपराध करणाऱ्याला सर्वांसमोर गुडघे टेकून स्वतःच कबुली द्यावी लागते. या पद्धतीचाही जाच आहे, कारण एकदा क्षमा झाली की पीडितेने तो विषय पुन्हा काढू नये अशी अपेक्षा असते. तरी कबुली निदान अपराध्याने द्यायची असते. येथे तर जिच्याविरुद्ध अपराध झाला तीच क्षमा मागते.

उत्तर (सिडको, नाशिक)

लग्नाचा मुद्दा राहून गेला. आमिश समाजात बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या निर्णयाने घेतात आणि लग्न बाप्तिस्मा घेतलेल्यांमध्येच होते. त्यामुळे बाहेरच्या पुरुषाशी लग्न करताच ही विधवा बहिष्कृत होईल; सख्ख्या आईच्या घरीही तिला वेगळ्या टेबलावर जेवावे लागू शकते. त्या अधिकाऱ्याला मात्र काहीच गमवावे लागत नाही. बहिष्कार माणसाचे काय करतो हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये आपल्याच शहरात आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती मुलीचा वडिलांनी जीव घेतला, तेव्हा जातपंचायतीच्या दहशतीची चर्चा राज्यभर झाली आणि पुढे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला. ज्या लेखिकेने ही किंमत दोन ओळींत उरकली, तिने त्या समाजाचे वास्तव दाखवले असे मी म्हणणार नाही.

उत्तर (नाशिक रोड)

वर्णनावरून ही कादंबरी मी वाचलेलीच दिसते. सदोष नायक रंगवण्याला माझा आक्षेप नाही. त्याच्या दोषाकडे कथा कसे पाहते, हे तपासावे. संशयित शेजारी रात्री त्याच घरावर पाळत ठेवत होता, हा त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा म्हणून येतो आणि त्या प्रकरणात वाचकाला भीती वाटावी अशीच मांडणी आहे. नायक तेच करतो तेव्हा लेखिका त्याला प्रेम म्हणते. गटात ही दोन प्रकरणे लागोपाठ मोठ्याने वाचावीत, अशी माझी सूचना आहे.