पहिलं क्रेडिट कार्ड घ्यावं का? पगार हंगामाचा, बिल महिन्याचं

नमस्कार मंडळी,

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावचा. वय २३, बी.कॉम. झालं. एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) हिशेब बघतो, म्हणजे काट्याच्या पावत्या, गाड्यांची नोंद, जीएसटीची बिलं. पगार १४,०००. त्यातले ९,००० खात्यात येतात, बाकी रोख हातात. आता खरी गोम सांगतो. हा पगार दिवाळीच्या आसपास जिनिंग सुरू झाली की एप्रिलपर्यंत. मग मशीन बंद, मालक अर्ध्या पगारावर ठेवतो, आणि पोळ्याच्या सुमारास तोही कधी कधी लांबतो.

मला क्रेडिट कार्ड हवं आहे. हौस म्हणून नाही. दोनेक वर्षांनी गावात मिनी दाल मिल टाकायचा विचार आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिल असते ना, तशी. तूर आमच्याकडे सगळेच पेरतात आणि डाळ मात्र दुकानातून आणतात, हे मला लहानपणापासून खटकतं. असो. बँकेत कर्जाचं विचारलं तर साहेब म्हणाले, आधी सिबिल बघू, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा स्कोअर. माझ्या नावावर कधी कर्ज नव्हतं, म्हणजे स्कोअर नसेलच. कोणीतरी सांगितलं, कार्ड घे, वेळेवर भर, स्कोअर तयार होतो.

घरी विषय काढला तर बाबा म्हणाले, "कार्ड त हाये ना आपल्या घरी, पेटीत पडून हाये." ते किसान क्रेडिट कार्ड! त्यांच्या डोक्यात कार्ड म्हणजे पेरणीला उचल करायची आणि पीक निघालं की वर्षातून एकदा भरायची. वेळेत भरलं तर ४ टक्के, आणि ३ लाखांपर्यंत पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत तेही माफ. मी त्यांना सांगितलं की मला हवं त्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचे ४२. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सावकार बरा होता का मंग?"

आईला मात्र पटकन समजलं. ती बचत गटात आहे. महिन्याच्या बैठकीत हप्ता द्यायचा, नाही दिला तर बाया दारात. मला वाटतं क्रेडिट कार्ड हे बाबांच्या कार्डापेक्षा आईच्या गटाला जवळचं आहे.

आता तीन वाटा दिसतात. नागपूरला मॉलमध्ये एक मुलगा मागे लागला होता, "सर, लाइफटाइम फ्री". फॉर्म भरायला घेतला, गावाचा पिनकोड टाकला आणि "या भागात सेवा उपलब्ध नाही". मावसभावाचा नागपूरचा पत्ता टाक म्हणाला, ते मला पटलं नाही. दुसरी वाट मोबाईल अ‍ॅपची, पाच मिनिटांत लिमिट देतो म्हणणारी. तिसरी, तालुक्याच्या सरकारी बँकेत २५,००० ची एफडी करून तिच्यावर कार्ड. तेवढे पैसे गेल्या हंगामातले साठलेले आहेत.

प्रश्न असे. एफडीवाल्या कार्डानं स्कोअर खरंच तयार होतो का, की ते नुसतं नावाला? बाबांचं पीककर्ज मागच्या वर्षी थकलं आहे, त्याचा मला फटका बसेल का? आणि गावात स्वाइप मशीन फक्त पेट्रोल पंपावर आहे, मग कार्ड वापरू कुठे? सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे मे ते ऑक्टोबर मी हे कसं निभावू?

– काटापावती

बँकेतला माणूस:
तुमचा शेवटचा प्रश्न बरेच जण कार्ड घेतल्यावर विचारतात, तुम्ही आधी विचारला.

एफडीवालं कार्ड नावाला नसतं. सिबिलसारख्या, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांकडे त्याची माहिती इतर कार्डांसारखीच जाते. पगाराची स्लिप लागत नाही, कारण बँकेला एफडीचा आधार असतो. लिमिट साधारण एफडीच्या ७५ ते ९० टक्के मिळतं, म्हणजे २५,००० वर २०,००० च्या आसपास धरा. एफडीचं व्याज चालू राहतं, पण कार्ड असेपर्यंत ती मोडता येणार नाही. त्यामुळे घरात दवाखान्यासाठी ठेवलेला हाच पैसा असेल तर त्याला हात लावू नका.

वडिलांच्या थकबाकीचा तुमच्या स्कोअरशी संबंध नाही. नोंद पॅनवर चालते. तुम्ही त्या कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तरच प्रश्न.

कार्ड आल्यावर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. बिलाची तारीख बदलून घ्या, अशी तारीख की भरायचा दिवस तुमच्या पगारानंतर येईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे निदान एकदा तरी बँकेला हा पर्याय द्यावाच लागतो. आणि ऑटो डेबिट (खात्यातून बिल आपोआप भरलं जाणं) लावताना "एकूण देय" निवडा, "किमान देय" नको.

वऱ्हाडातली ताई:
किमान देय या शब्दावर मी दोन वर्षं जळाले आहे, म्हणून हिशेबच मांडते. समजा १२,००० चं बिल आलं आणि तुम्ही ५ टक्के म्हणजे ६०० भरले. महिन्याचं व्याज ४२०, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५-७६ रुपये. उरले किती? १०४. म्हणजे ६०० भरून कर्ज जेमतेम शंभरानं उतरलं. वर बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज किराणा घेतला तर आजपासून व्याज. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तेव्हा ऐकलं असतं का, कोण जाणे.

एटीएममधून कार्डानं रोख काढू नका. कधीच नाही. फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून.

कृषी केंद्र, आर्वी रोड:
भाऊ, वापरू कुठे म्हनतेस, त रुपे कार्ड घे. ते यूपीआयले जोडता येते. माह्या दुकानात मशीन नाही, क्यूआर हाये, त्याच्यावर रुपे क्रेडिट चालते. फक्त दुकानाचा धंद्याचा क्यूआर पाहिजे. पानठेल्यावर ज्यानं स्वतःच्या नावाचा क्यूआर चिकटवला तिथं चालत नाही, आन् मित्राले पैसे पाठवाले त नाहीच. व्हिसा, मास्टरकार्डवालं घेशील त गावात शोभेची वस्तू.

अन् एक सांगू का? उधारीची सवय असन त घेऊ नको. आमच्या वहीत उधारी लिहितो, पोरं महिना महिना तोंड दाखवत नाहीत. बँक त्याचं व्याज लावते, येवढाच फरक.

बँकेतला माणूस:
काटापावती, एक विचारायचं राहिलं. कॉलेजात असताना मोबाईल फायनान्सवर घेतला होता का? तसं असेल तर तुमचा स्कोअर "नसेलच" हे गृहीत धरू नका. दुकानातला तो हप्ता म्हणजे कर्जच. सिबिलसारखी प्रत्येक संस्था वर्षातून एक संपूर्ण अहवाल फुकट देते, थेट तिच्या संकेतस्थळावरून काढा. कोणी लिंक किंवा एपीके (मोबाईल अ‍ॅपची) फाइल पाठवली तर उघडू नका.

काटापावती:
सर, तुम्ही तर जणू घरात येऊन पाहिलं. २०२२ मध्ये घेतला होता, ९ हप्ते. काल रात्री अहवाल काढला. स्कोअर आहे! ६८१. सगळे हप्ते फिटलेले, पण एका महिन्यासमोर ३४ दिवस उशीर. कोणता महिना असेल? सप्टेंबर. पोळ्याचा पगार लांबला तो. (तेव्हा मी त्याच जिनिंगमध्ये सुटीत काम करायचो.)

म्हणजे माझी चूक नेमकी कुठे होते ते सिबिललाही माहीत आहे.

तर असं ठरवलं आहे. एफडी करतो, सरकारी बँकेचंच, रुपे मिळालं तर तेच. लिमिट २०,००० असलं तरी महिन्याला दोन-अडीच हजाराच्या वर जायचं नाही. फक्त पेट्रोल आणि मोबाईलचा रिचार्ज, जे तसंही रोखीनं होतंच. एप्रिलचा शेवटचा पूर्ण पगार आला की त्यातले ६,००० वेगळ्या खात्यात, ऑटो डेबिट त्याच खात्यावरून. पावसाळ्यात कार्ड कपाटात ठेवून महिन्याला एक रिचार्ज तेवढा, म्हणजे सहा महिने पगार आला नाही तरी बिल निघेल. आईला दाखवलं, ती म्हणाली गटाच्या वहीसारखी याचीही वही ठेव.

वऱ्हाडातली ताई:
आई बरोबर आहे. आणि वर्षभरात बँकेचा फोन येईल, "लिमिट वाढवून देतो". तुमच्या संमतीशिवाय त्यांना वाढवता येत नाही. फोनवर हो म्हणायची घाई नको.

काटापावती:
ठीक आहे ताई. आता एकच राहिलं. सोमवारी शाखेत जातो आहे, पण तिथे काउंटरवर म्हणतात की एफडीवालं कार्ड "आमच्याकडे नाही, ऑनलाइन करा". वर्धा किंवा हिंगणघाट भागात कोणी शाखेतून काढलं असेल तर कागदपत्रं कोणती नेली आणि कोणत्या टेबलावर विचारलं, तेवढं सांगा.