मदत हवी आहे: बगॅससोबत (उसाच्या चोथ्यासोबत) कोळसा जाळला तर नवीकरणीय वीज किती धरायची?

जाणकारांचं मार्गदर्शन हवं आहे. सहवीज प्रकल्पाला (एकाच बॉयलरच्या वाफेवर उष्णता आणि वीज दोन्ही मिळवणाऱ्या) नवीकरणीय म्हणून मान्यता मिळण्याचे निकष वाचतोय. सौर, पवनचं चटकन कळतं, तिथे जाळायला काही नसतंच. घोडं अडतं ते बॉयलरपाशी.

समजा 1,000 टन बगॅस आणि 200 टन कोळसा जळला. वजनाने कोळसा सहावा हिस्सा. पण निम्मं पाणी असलेल्या बगॅसचं उष्मांक मूल्य (जळल्यावर मिळणारी उष्णता) किलोला साधारण 2,250 किलोकॅलरी आणि कोळशाचं 4,500 धरलं, की तोच कोळसा उष्णतेच्या हिशेबात 28.6 टक्क्यांवर जातो. मग खरं काय मानायचं?

त्यात प्रत्येक ठिकाणची रेघ वेगळी. कॅलिफोर्नियात वर्षभरातल्या एकूण उष्णतेच्या 2 टक्क्यांपर्यंत जीवाश्म इंधन साधारणपणे चालवून घेतात. युरोपीय संघात मिश्र इंधनाच्या प्रकल्पातला फक्त नवीकरणीय वाटा मोजतात. म्हणजे पात्रता प्रकल्पाला असते की इंधनाला? आणि बॉयलर पेटवताना लागणारं डिझेल कुठे दाखवायचं? कुणी असा हिशेब प्रत्यक्ष केला असेल तर कृपया सविस्तर लिहा, मला हे नीट समजून घ्यायचंय.

प्रतिसाद:
प्रश्न महत्त्वाचा आहे. पात्रता दोन्हींना लागते. प्रकल्पाची नोंदणी सुरुवातीला होते, इंधनाचा पुरावा मात्र कायम देत राहावा लागतो. मिश्र इंधनात वाटा उष्णतेवरच काढा, वजनावर नको.

खरी मेख ओलाव्यात आहे. बगॅसचा ढीग उघड्यावर असतो, वरचा थर उन्हाने सुकतो आणि आतून वाफा निघत असतात. म्हणून नमुना ढिगातून न घेता बॉयलरकडे जाणाऱ्या पट्ट्यावरून घ्या आणि लगेच हवाबंद पिशवीत भरा. दोन्ही इंधनांना एकच मापदंड लावा. एकाचं ग्रॉस (पाण्याच्या वाफेत जाणारी उष्णताही धरून) आणि दुसऱ्याचं नेट (ती वगळून) उष्मांक मूल्य धरलं तर सगळा हिशेब कोलमडतो, कारण ओल्या इंधनाचं नेट मूल्य फारच खाली येतं.

डिझेल लपवू नका. त्याला वेगळं मीटर लावा आणि तेही जीवाश्म इंधनात दाखवा. सूट द्यायची की नाही, ते नियमावली ठरवेल.

पुढे कधी शहरी कचरा जाळणार असाल तर त्यातलं प्लास्टिक जीवाश्मातच जातं. जैविक वाटा चिमणीतल्या वायूच्या कार्बन-14 (कार्बनचं किरणोत्सारी रूप) चाचणीने काढता येतो, कारण जीवाश्म कार्बनमध्ये कार्बन-14 उरलेला नसतो.

तुमच्याकडे पट्ट्यावर वजनयंत्र आहे का? नसेल तर रोजची इंधननोंद कशी ठेवता ते सांगा, त्यावरून पुढचं बोलू.