उलटं उडवताना इंजिन बंद पडतं ते सुईमुळे नाही

मॉडेल विमान उलटं उडवलं की इंजिन बंद पडतं, या तक्रारीवर सुई (इंजिनात किती इंधन जाईल ते ठरवणारा स्क्रू) अजून अर्धा फेरा उघडा असं सुचवलंय, ते मला पटत नाही. सरळ उडताना इंजिन छान चालतं आणि विमान उलटं केलं की आवाज चिरका होऊन बंद पडतं, म्हणजे आधी इंधनाच्या टाकीची उंची बघा. माझ्या ४६ साइजच्या (०.४६ घनइंच) ग्लो इंजिनला (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं छोटं इंजिन) अगदी हेच होत होतं, आणि सुई उघडली तर सरळ उडताना धूर ओकायचं नि गचके द्यायचं. शेवटी पट्टी लावून मोजलं तर टाकीचा मध्य सुईच्या नळीपेक्षा (जिथून इंधन हवेत मिसळतं) चांगला १२ मिमी वर! मग उलटं केलं की टाकी तेवढीच खाली जाते आणि इंधन वर ओढावं लागतं, मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) होणारच.

टाकीखालचा फोम काढून पातळ तुकडा घातला, फायरवॉलचं (इंजिन बसवलेली पुढची लाकडी भिंत) भोक खाली कोरलं (कोरलेल्या कडेला इपॉक्सी फासायला विसरू नका, नाहीतर लाकूड तेल पितं) आणि मध्य सुईच्या जेमतेम ३-४ मिमी खाली आणला. सुई परत जुळवून घेतली, आता उलटं अख्खं मैदान पार करतो, आवाज बदलत नाही. टाकी लाकडाला टेकू मात्र देऊ नका, थरथरीने इंधनाला फेस येतो.