माइक लॅझो यांच्या कारकिर्दीवरील लेखासाठी मदत हवी आहे

नमस्कार. प्रौढांसाठीच्या विनोदी ॲनिमेशनवर मी एक दीर्घ लेख लिहीत असून त्याच्या केंद्रस्थानी अमेरिकी दूरचित्रवाणी अधिकारी माइक लॅझो आहेत. टर्नर या दूरचित्रवाणी समूहात अगदी खालच्या पायरीवरून सुरुवात करून ते वर आले आणि १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झाल्यावर तेथील कार्यक्रमांची आखणी त्यांनी सांभाळली.

मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो १९९४ मधील 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट' हा कार्यक्रम. टर्नर समूहाच्या मालकीच्या, हॅना-बार्बेरा या ॲनिमेशन स्टुडिओच्या संग्रहातील १९६०च्या दशकातील साहसकथेची जुनी चित्रे नव्याने जुळवून त्या नायकाला मुलाखतकार बनवले गेले आणि खऱ्या पाहुण्यांची उत्तरे, अवघडलेले विराम व असंबद्ध प्रश्न यांतून अत्यंत कमी खर्चात एक वेगळाच विनोद उभा राहिला. पैशांची चणचण शैलीत रूपांतरित होण्याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे दिसत नाही. याच वाटेवरून सप्टेंबर २००१ मध्ये कार्टून नेटवर्कवर 'ॲडल्ट स्विम' हा प्रौढांसाठीचा रात्रीचा विभाग सुरू झाला. लॅझो २०१९ च्या अखेरीस निवृत्त झाले.

लेखकांना मोकळीक देताना वाहिनीचा अधिकारी नेमके काय ठरवतो, प्रक्षेपणाची वेळ आणि अंदाजपत्रक यांचा संहितेवर कसा परिणाम होतो, हे कोणी वाहिनीतील किंवा ॲनिमेशन स्टुडिओतील अनुभवावरून समजावून सांगू शकेल का? लॅझो यांच्या विस्तृत मुलाखती कोणाच्या संग्रही असल्यास त्याही कृपया कळवाव्यात.