चर्चा: देपेर्द्युसँ, विमानांचा पाठीराखा की नुसता लबाड?

रेशीमगाठ (धागाकर्ता)
आर्मां देपेर्द्युसँ हा पॅरिसचा रेशमाचा दलाल. १९१० च्या सुमारास त्याने विमानांचा कारखाना काढला आणि रचनेचं काम लुई बेशरोवर सोपवलं. १९१२ ला शिकागोत ज्यूल वेद्रिनने त्याच्याच विमानावर गॉर्डन बेनेट हा विमानशर्यतीचा करंडक जिंकला. ५ ऑगस्ट १९१३ ला फसवणुकीच्या आरोपाखाली अटक. घोळ तीन कोटी फ्रँकच्या आसपासचा. आज त्याचं नाव निघतं ते अटकेपुरतंच.

माझ्या मते हा अन्याय आहे. तेव्हाचं विमानाचं धड म्हणजे चौकोनी लाकडी सांगाडा, आत ताणलेल्या तारा, वर कापड. बेशरोने साच्यावर ट्यूलिपवुड लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर सरसाने चिकटवले, प्रत्येक थराचे रेषे खालच्या थराला तिरपे. वाळल्यावर साचा काढायचा, आतून-बाहेरून कापड चिकटवून वार्निश. सगळं मिळून जाडी सुमारे ४ मिलिमीटर! ताण कवचच पेलतं, म्हणून तारांचं जाळं नको आणि आकार माशासारखा गुळगुळीत. पण साचे, सरस वाळेपर्यंतचा वेळ, हातखंडा सुतार, हा सगळा खर्च शर्यतीच्या आधी करावा लागतो. तो करणारा माणूस हाच.

जमाखर्च
खर्च केला खरा, पण कुणाच्या पैशाने? रेशमाचे खोटे व्यवहार दाखवून बँकेकडून उचललेल्या. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याला आश्रय म्हणत नाहीत.

पाठीराखा बघायचा तर आंरी डॉइच द ला म्यूर्त बघा. तेलाच्या धंद्यातला पैसा, स्वतःचा. सँ-क्लूहून आयफेल मनोऱ्याला वळसा घालून ३० मिनिटांत परत या, १ लाख फ्रँक घ्या. १९०१ मध्ये वायुनौका उडवणाऱ्या सांतोस-द्युमोंने ते मिळवले. पुढे आर्शदाकन या दुसऱ्या विमानवेड्याबरोबर ५० हजारांचं बक्षीस, विमानाने एक किलोमीटरच्या बंद फेरीसाठी. काम झालं तर पैसे, नाही तर नाही. बँक बुडायचा प्रश्नच नाही.

रेशीमगाठ
@जमाखर्च, तीच तर बक्षिसाची गोम आहे. ते ५० हजार जाहीर झाले १९०४ ला, हेन्री फारमनने जिंकले १३ जानेवारी १९०८ ला. चार वर्षं रक्कम देणाऱ्याच्या खिशात. मोडलेल्या पंखांची, फसलेल्या इंजिनांची पदरमोड बनवणाऱ्यांनी करायची. जो हरला त्याच्या हाती भोपळा.

जमाखर्च
डॉइच बक्षिसांवर थांबला नाही. सँ-सीरच्या वायुगतिकी संस्थेला त्याने ५ लाख फ्रँक दिले, वर दरवर्षी १५ हजार. १९११ मध्ये विमानं बनवणारा एदुआर न्यूपोर अपघातात गेल्यावर त्याची कंपनीही डॉइचनेच सावरली. हिशेब चोख ठेवूनही हे जमतं.

तिरपा रेषा
दोघांचाही एक मुद्दा निसटतोय. २९ सप्टेंबर १९१३ ला रँसच्या शर्यतीत मोरीस प्रेव्होने २०० किलोमीटर तासाच्या आत कापले, तेव्हा मालक गजाआड होता. विमान तेच कवचाचं, इंजिन १६० अश्वशक्तीचं, सिलिंडरच्या दोन रांगांचं, नोम कंपनीचं. हे फिरतं इंजिन: सिलिंडर पंख्यासोबत गरगरतात, वंगणाचं एरंडेल तेल परत न येता बाहेर फेकलं जातं. शर्यतीच्या तासाभराला ठीक, रोजच्या वापराला महाग.

आणि कवचाची कल्पना बेशरोच्या आधी स्विस इंजिनिअर रुशोनेने करून पाहिली होती. देपेर्द्युसँने कल्पना विकत घेतली नाही. ती पुरी करायला लागणारी माणसं आणि अवधी विकत घेतला.

जमाखर्च
मग पुढचंही सांगा. १९१४ ला विमान कारखानदार ब्लेरिओच्या गटाने कारखाना घेतला, जुन्या नावाची आद्याक्षरं तीच राहतील असं नवं नाव बेतलं: स्पाड. पहिल्या महायुद्धात गाजलेलं स्पाड-७ हे लढाऊ विमान मात्र परत लाकडी सांगाडा आणि तारांचंच. कवच गेलं कुठे?

तिरपा रेषा
कवच वेळखाऊ. साच्यावरचं एकेक धड म्हणजे सुतारकामाचा दागिना. युद्धाला हवी होती हजारोंनी, आघाडीवर दुरुस्त होणारी. गोळी लागली तर सांगाड्याचा एक दांडा बदलता येतो, तीन थरांचं कवच ठिगळवणं किचकट. स्पाडचा वेग मुख्यतः इंजिनिअर बिर्किग्टच्या इस्पानो-सुइझा व्ही-८ इंजिनाचा. कवचाच्या वाटेने खरं तर आल्बाट्रॉस हे जर्मन लढाऊ विमान गेलं, तेही प्लायवुडचे सपाट तक्ते सांगाड्यावर ठोकून, म्हणजे अर्ध्यातच.

रेशीमगाठ
मान्य. पण स्पाड-७ चाही रचनाकार बेशरोच होता. ती माणसं एकत्र आली देपेर्द्युसँमुळे.

जमाखर्च
आणि टिकली ब्लेरिओमुळे. १९१७ च्या निकालात देपेर्द्युसँला पाच वर्षांची शिक्षा झाली, पहिला गुन्हा म्हणून स्थगित; १९२४ ला त्याने आत्महत्या केली. वाईट वाटतं, पण माझं मत बदलत नाही: श्रेय बेशरोचं, ब्लेरिओचं आणि नकळत हात रिकामा करणाऱ्या त्या बँकेचं.