टर्मिनलवर मराठी नोंदी: बॅकस्पेस आणि बाणांच्या कळांचा घोळ

राजवाडा_इंदूर

नमस्कार मंडळी. इंदुरातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाचं दाखल रजिस्टर संगणकावर चढवायचं आहे. उबुंटू लिनक्सवर पायथनमध्ये साधा प्रोग्राम केलाय: नाव, लेखक, प्रकाशनस्थळ, वर्ष असे एकामागून एक प्रश्न विचारतो. नोंदी करणाऱ्या काकूंचे हात कळफलकावर चांगले चालतात, म्हणून खिडक्या-बटणं नकोत. अडतंय ते असं:

डावा बाण दाबला की कर्सर सरकत नाही, ^[[डी असं उमटतं. गंमत म्हणजे नुसतं पायथन उघडून तेच इनपुट फंक्शन चालवलं तर बाण नीट चालतात.

प्रकाशनस्थळात "पुणे" लिहून दोनदा बॅकस्पेस दाबला की पडद्यावरून शब्द जातो, पण एंटर मारल्यावर डेटाबेसात "पु" पडलेलं असतं.

हो/नाहीसाठी एकच कळ वाचतो, त्याकरता टर्मिनलचा रॉ मोड (कळ कसलीही प्रक्रिया न होता थेट प्रोग्रामकडे येते) वापरलाय. तिथे प्रोग्राम कोसळला तर नंतर टर्मिनलवर टाइप केलेलं दिसतच नाही.

रावपुरा_बडोदा

पहिल्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. तुमच्या प्रोग्राममध्ये ओळ सुधारायचं काम लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, करतोय, आणि त्याला बॅकस्पेस, ओळ पुसणं यापलीकडे फारसं काही येत नाही. डावा बाण म्हणजे २७, ९१, ६८ हे तीन बाइट. कर्नलच्या लेखी ती साधी अक्षरं, म्हणून तो ती तशीच दाखवतो. नुसतं पायथन उघडलं की रीडलाइन ही ओळ सुधारणारी लायब्ररी आपोआप लोड होते. स्क्रिप्टमध्ये होत नाही. फाइलच्या सुरुवातीला रीडलाइन इम्पोर्ट करा, बाण आणि मागच्या नोंदी लगेच चालू होतील.

आता "पुणे". डोळ्यांना दोन अक्षरं, पण युनिकोडमध्ये चार चिन्हं: प, उकार, ण, मात्रा. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत बारा बाइट. पडद्यावर रकाने मात्र दोनच, कारण उकार आणि मात्रेची रुंदी शून्य. कर्नल दर बॅकस्पेसला एक चिन्ह काढतो आणि पडद्यावर एक रकाना पुसतो. दोनदा दाबल्यावर पडदा रिकामा, पण "पु" आत शिल्लक. आणखी दोनदा दाबलं तर तुमच्या प्रश्नाचीच शेवटची दोन अक्षरं पुसली जातील. रीडलाइन रुंदी हिशेबात घेऊन ओळ पुन्हा काढते, त्यामुळे हा घोळ मिटतो. लोकेल (प्रणालीची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ असायला हवं. क्ष, ज्ञ अशा जोडाक्षरांवर कर्सर थोडा हललेला दिसेल. तिथे टर्मिनल आणि फाँट यांचं रुंदीवर एकमत नसतं. साठवलेला मजकूर बरोबर असतो.

रीडलाइन घेतल्यावर ही पथ्यं पाळाच:

- प्रश्नाचा मजकूर प्रिंटने वेगळा छापू नका, इनपुटलाच द्या. नाहीतर रीडलाइनला त्याचा पत्ता नसतो आणि ओळ पुन्हा काढताना ती प्रश्न पुसून टाकते.
- प्रश्नाला रंग दिला असेल तर रंगाच्या कोडआधी १ आणि नंतर २ क्रमांकाचा बाइट घाला. ते नसले तर रंगाचे कोडही रुंदीत धरले जातात आणि लांब नाव पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर चढतं.
- आउटपुट पाइपने दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवलं तर इनपुट फंक्शन रीडलाइन वापरतच नाही.

लेखकांची नावं टॅबने पुरी करायची असतील तर तेही यातच होतं. फक्त शब्द तोडणाऱ्या चिन्हांची यादी रिकामी करा. मुळात त्यात स्पेस असते, त्यामुळे नाव-आडनाव एकत्र पुरं होत नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

रॉ मोडबद्दल. एका कळीसाठी तो नकोच, सीब्रेक हा सौम्य मोड पुरतो, त्यातही एंटरविना कळ मिळते. रॉमध्ये कंट्रोल-सी प्रोग्राम थांबवण्याऐवजी नुसता बाइट बनून येतो, आणि आउटपुटची प्रक्रियाही बंद होते, म्हणून ओळी जिन्यासारख्या तिरक्या उतरतात. सीब्रेकमध्ये दोन्ही शाबूत राहतात.

मोड बदलण्याआधी टर्मिनलची मूळ स्थिती टर्मिऑस मॉड्यूलच्या टीसीगेटॲट्र फंक्शनने व्हेरिएबलमध्ये घ्या, कळ वाचणं ट्रायमध्ये ठेवा आणि मूळ स्थिती परत लावणं फायनलीमध्ये. अपवाद येवो वा कंट्रोल-सी, फायनली चालतंच. किल मायनस नऊने (सक्तीने) मारलं तर मात्र चालत नाही. तेव्हा न दिसताच "एसटीटीवाय सेन" टाइप करून एंटर मारायचं. एंटर लागत नसेल तर कंट्रोल-जे.

कळ वाचताना एसटीडीइनचं रीड वापरू नका, ओएस मॉड्यूलचं रीड थेट फाइल डिस्क्रिप्टरवर (उघड्या इनपुटच्या क्रमांकावर) लावा. कारण पायथन स्वतःच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जास्तीचे बाइट ओढून घेतो. मग बाणाचा पहिला बाइट हाती येतो, उरलेले दोन बफरमध्ये राहतात, आणि सिलेक्टला (इनपुट आलंय का ते सांगणाऱ्या फंक्शनला) विचारलं तर ते म्हणतं काहीच आलेलं नाही. एस्केपची कळ एक बाइट, बाण तीन. २७ आला की सिलेक्टने सुमारे ५० मिलिसेकंद थांबा. पुढे काही आलं नाही तरच ती एस्केप समजा.

रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी दाबल्यावर इनपुट फंक्शन ईओएफएरर (इनपुट संपल्याचा अपवाद) देतं, तो पकडा. नाहीतर काकूंच्या अर्ध्या नोंदीवर पाणी.

राजवाडा_इंदूर

रीडलाइनने बाण आणि "पुणे" दोन्ही सुटले, सीब्रेकही लावतो. मनापासून आभार. एक नवीन: "दुसऱ्या" शोधलं की काही पुस्तकं सापडतात, काही नाहीत. दिसायला शब्द एकसारखाच.

रावपुरा_बडोदा

हा ऱ तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक, स्वतंत्र ऱ. दोन, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब). तीन, र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. पहिले दोन युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझने, सुटी चिन्हं जोडणाऱ्या एनएफसी पद्धतीने, एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी "र, हलन्त, जोडक" या तिकडीच्या जागी "ऱ, हलन्त" घालणारी एक ओळ स्वतः लिहा. हे दोन्ही संस्कार साठवताना करा आणि शोधशब्दावरही करा. जुन्या नोंदींवर एकदा चालवून घ्या, पण आधी डेटाबेसची प्रत काढून ठेवा.

वर्षाच्या रकान्यातही असाच प्रकार होतो. कुणी १९५२ देवनागरी आकड्यांत लिहितं, कुणी इंग्रजी. पायथनचं इंट दोन्ही घेतं, तेव्हा उत्तर आल्याबरोबर संख्येत बदला आणि संख्याच साठवा. इंटने व्हॅल्यूएरर दिला तर फक्त वर्षाचा प्रश्न पुन्हा विचारा, आधीची उत्तरं जपून.