प्रबंध: विश्लेषणाचं प्रकरण ११० पानांचं झालंय, कुठून कापू?

गोदाकाठ:
समाजशास्त्र, पीएच.डी., मराठी माध्यम. विषय: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं हंगामी स्थलांतर. नमुना २४०, अनुसूचीत (मुलाखतीच्या प्रश्नावलीत) ५२ प्रश्न, उद्दिष्टं चार. प्रकरणं नेहमीची पाच. त्यातलं चौथं, तथ्य विश्लेषण, एकटंच ११० पानांवर गेलंय. गाईड विचारतात, "यात प्रबंध कुठाय?" शिवाय अर्धा मजकूर श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात आहे. वाङ्मयचौर्य तपासणीत त्याने अडेल का?

तळटीप:
५२ प्रश्न, ५२ तक्ते, प्रत्येकाखाली पाय चार्ट आणि त्याखाली "वरील तक्त्यावरून असे दिसून येते की" म्हणत तेच आकडे पुन्हा शब्दांत. पानं अशीच फुगतात. प्रकरण अनुसूचीच्या क्रमाने लिहू नका, उद्दिष्टांच्या क्रमाने लिहा.

एक्सेलमध्ये चार रकाने करा: उद्दिष्ट, त्यासाठीचे प्रश्न, तक्ता क्रमांक, निष्कर्ष. ज्या तक्त्यासमोर निष्कर्षाचा रकाना रिकामा राहील तो सरळ परिशिष्टात. वय, शिक्षण, जमीनधारणा एका एकत्रित तक्त्यात बसतात. एखाद्या उद्दिष्टासमोर तक्ताच नाही असं निघालं तर ते आत्ता कळलेलं बरं, व्हायवात (तोंडी परीक्षेत) नको. पाय चार्ट सगळे काढा.

आणि उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेचा, तक्ता नीट बघा. उत्तर देणारी बाई असली तरी उचल कोयत्याची, म्हणजे बहुधा जोडप्याची असते. "स्त्रियांनी घेतलेली उचल" असा मथळा दिलात तर बहिस्थ परीक्षक तिथेच बोट ठेवतील. उचल कमी-जास्त असण्याचा आणि मुलं सोबत नेण्याचा काही संबंध दिसतो का? गाईड शोधताहेत तो प्रबंध अशा दोन चलांच्या तक्त्यांत सापडेल.

दशांशचिन्ह:
वरच्याला जोडून. दोन चलांचे तक्ते केले की काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध योगायोगाचा आहे का ते तपासणारी) येणारच. तक्त्यातल्या २० टक्क्यांहून जास्त घरांत अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर आली असती ती संख्या) ५ पेक्षा कमी असेल तर निकाल भरवशाचा नसतो. अर्थ लागत असेल तिथे गट एकत्र करा ("पूर्ण सहमत" आणि "सहमत" मिळून एक). एका गावातून १२ जणीच असतील तर ८.३३ टक्के म्हणजे एक बाई. तिथे टक्केवारी नको, संख्या लिहा. एकाहून अधिक उत्तरं चालणाऱ्या प्रश्नांत बेरीज १०० च्या वर जाते, तशी टीप तक्त्याखालीच हवी.

रफार:
श्रीलिपीचं अडणार. त्या फाइलमध्ये आत रोमन चिन्हं असतात, देवनागरी फक्त दिसायला. तपासणीच्या सॉफ्टवेअरला ती निरर्थक अक्षरं वाटतात आणि साम्य जवळजवळ शून्य येतं. असा अहवाल पाहून खूश होऊ नका, ती तपासणी झालेलीच नाही. सगळं युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टरनंतर रफार, "ऱ्या" आणि अवतरणचिन्हं डोळ्यांनी तपासा. मधले इंग्रजी शब्द हमखास देवनागरी कचरा होऊन बसतात.

साम्याची मर्यादा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांतली: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजत नाहीत. विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असेल तर तोही बघा.

गोदाकाठ:
रकाने भरायला घेतले, १९ तक्ते बाहेर गेले. आता निष्कर्ष आधी लिहू की पद्धती?

तळटीप:
पद्धती. ती बहुतेक जण सिनॉप्सिसमधून (सुरुवातीला दिलेल्या संशोधन आराखड्यातून) उचलतात आणि "नमुना निवडण्यात येईल" तसंच राहून जातं. "येईल", "जाईल", "करण्यात येणार" शोधून भूतकाळात आणा. ठरवलेला नमुना ३०० होता आणि मिळाला २४०, असं काही असेल तर कारणासकट तिथेच लिहा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी.